विश्लेषण : मोबाइलमधील ग्राफिक्स चिपच्या नियमांशी ६० वर्षांपूर्वीच्या डच गणितीचा काय संबंध? कोण होते एड्सगर डाइक्स्ट्रा?

मेमरीतील एकाच जागेवर एकाच वेळी अनेकांनी लिहायला घेतले, तर हिशेब चुकतो. आजच्या ग्राफिक्स चिपमध्ये असे लिहिणारे हजारोंच्या संख्येने असतात. तरीही फोटो, गेम, नकाशे बिनचूक दिसतात, कारण चिपच्या प्रत्येक सूचनेबाबत कोणती हमी आहे आणि कोणती नाही, हे आधी लिहून ठेवलेले असते. या शिस्तीचा पाया घालणाऱ्यांत एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे नाव सर्वात वर घ्यावे लागते. त्यांचे आयुष्य आणि त्यांनी सोडवलेला प्रश्न, याविषयी...

स्क्रीनमागे नेमका प्रश्न काय?

मोबाइलवर फोटो उघडला आणि तो आपोआप उजळ करण्याचे बटण दाबले, की आधी एक मोजणी करता येते. किती ठिपके गडद, किती मध्यम, किती उजळ? १०८० बाय २४०० ठिपक्यांच्या स्क्रीनभर चित्रात २५ लाख ९२ हजार ठिपके असतात. ते एकेक करून मोजण्याऐवजी ग्राफिक्स चिप हे काम एकाच वेळी असंख्य धाग्यांना वाटून देते. प्रत्येक धागा एकच छोटा प्रोग्रॅम चालवतो. या प्रोग्रॅमला शेडर म्हणतात.

समजा, गडद ठिपक्यांच्या खान्यात ४१ हा आकडा आहे. दोन धाग्यांना एकाच वेळी गडद ठिपका सापडला. दोघांनीही खाना वाचला, दोघांनाही ४१ दिसले, दोघांनीही एक मिळवून ४२ लिहिले. खरे उत्तर ४३ हवे होते. एक ठिपका हिशेबातून गायब झाला आणि कोणतीही चूक झाल्याचा संदेश आला नाही.

यावर उपाय म्हणजे अ‍ॅटॉमिक, अर्थात अविभाज्य क्रिया. वाचणे, मिळवणे आणि परत लिहिणे हे तिन्ही टप्पे एकाच सूचनेत बांधायचे आणि मध्ये कोणालाही शिरू द्यायचे नाही. ही कल्पना आज साधी वाटते. मात्र मेमरीवर एकत्र काम करणाऱ्यांना नेमकी कोणती हमी लागते, हा प्रश्न १९५० आणि १९६० च्या दशकांत नेदरलँड्समध्ये काटेकोरपणे मांडला गेला. तो मांडणारे डाइक्स्ट्रा होते.

बालपण आणि शिक्षण कसे झाले?

एड्सगर वीब डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅममध्ये झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते, आई गणिती होती. आईने कधी नोकरी केली नाही, पण उत्तर अवघड वाटत असेल तर बहुधा वाटच चुकली आहे, हा गणिताचा संस्कार मुलावर तिचाच. एड्सगर दहा वर्षांचे झाले त्याच्या आदल्या दिवशी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले आणि वाढदिवसानंतर तीन दिवसांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाला.

शाळेत असताना त्यांना कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधित्व करायचे होते. प्रत्यक्षात गणित आणि विज्ञानातील गुण पाहून ते १९४८ मध्ये लायडन विद्यापीठात गेले आणि भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ मध्ये वडिलांच्या पुढाकाराने ते इंग्लंडमधील केंब्रिजला तीन आठवड्यांच्या प्रोग्रॅमिंग वर्गाला गेले. तेथे मॉरिस विल्क्स यांच्या गटाने एडसॅक हा संगणक उभारला होता. परतल्यावर मार्च १९५२ पासून ते अ‍ॅम्स्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये अर्धवेळ काम करू लागले. नेदरलँड्सचे पहिले व्यावसायिक प्रोग्रॅमर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

हा पेशा धरावा की भौतिकशास्त्र, याचा निर्णय मात्र सोपा नव्हता. प्रोग्रॅमिंगमागे शास्त्र म्हणावे असे काही नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी वरिष्ठ आड्रियान फान वाइनखार्डन यांच्यापुढे ही शंका मांडली. संगणक आता जाणार नाहीत, मग या कामाला शास्त्राचा दर्जा देणारा माणूस तूच का नसावास, असा उलट विचार फान वाइनखार्डन यांनी त्यांच्यापुढे ठेवला. डाइक्स्ट्रा तेथून बाहेर पडले ते निर्णय घेऊनच. पण समाजाला हा पेशा ठाऊक नव्हता. १९५७ मध्ये रिया डेबेट्स यांच्याशी विवाह करताना नोंदणी कार्यालयाने प्रोग्रॅमर हा व्यवसाय स्वीकारला नाही. अखेर कागदावर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले.

यंत्राआधी पुस्तिका, हे काय प्रकरण?

मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्खोल्टन यंत्रे बांधत आणि डाइक्स्ट्रा त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहीत. यंत्र तयार होईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते. म्हणून आधी कागदावर ठरवले जाई, की यंत्राला कोणत्या सूचना समजतील आणि प्रत्येक सूचनेनंतर मेमरीत नेमके काय बदललेले असेल. १९५३ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी एआरआरए या यंत्राचे असे कार्यात्मक वर्णन लिहिले.

हा कागद म्हणजे दोन्ही बाजूंमधला करार होता. बांधणाऱ्यांनी त्यात लिहिले तेवढे पुरवायचे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्यात लिहिलेल्यापलीकडे काही गृहीत धरायचे नाही. यंत्र हाती नसल्याने चालवून बघू, जमले तर ठीक, ही सवय त्यांना लागलीच नाही. प्रोग्रॅम बरोबर आहे हे विचारानेच पटवून घ्यावे लागे. डाइक्स्ट्रांच्या पुढच्या साऱ्या कामावर या सवयीची छाप आहे.

याच काळात, १९५६ मध्ये, त्यांनी दोन शहरांमधील सर्वात जवळचा मार्ग शोधण्याची रीत बसवली. खरेदीने दमून अ‍ॅम्स्टरडॅममधील एका कॅफेत रिया यांच्यासोबत कॉफी घेत बसले असताना, कागद-पेन्सिलीशिवाय, सुमारे २० मिनिटांत. ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. मोबाइलवरील नकाशे आणि इंटरनेटची वाहतूक यांत मार्ग शोधण्याच्या पद्धती आजही तिच्यावर उभ्या आहेत.

इंटरप्टची धास्ती का वाटली?

पुढचे यंत्र होते एक्स१. लोपस्ट्रा आणि स्खोल्टन यांनी त्यात इंटरप्टची सोय सुचवली. म्हणजे छपाई यंत्रासारख्या जोडउपकरणाचे काम संपले, की ते चालू प्रोग्रॅमला मध्येच थांबवून आपल्याकडे लक्ष वेधून घेणार. वेळ वाचणार होता. पण डाइक्स्ट्रा घाबरले आणि त्यांनी निर्णय बराच काळ लांबवला.

भीतीचे कारण महत्त्वाचे आहे. तोपर्यंत तोच प्रोग्रॅम तीच माहिती देऊन पुन्हा चालवला, की तेच घडत असे. चूक पुन्हा दिसे, म्हणून सापडे. इंटरप्ट कोणत्या क्षणी येईल हे कोणालाच सांगता येत नाही. दोन सूचनांच्या मध्ये, नेमक्या नको त्या ठिकाणी तो आला तरच बिघडणार आणि पुन्हा चालवून पाहिले तर सारे सुरळीत. अशी चूक चाचण्यांनी पकडता येत नाही.

अखेर त्यांनी होकार दिला, पण अट स्वतःलाच घातली. इंटरप्ट कधीही आला तरी चालू कामाचे नुकसान होणार नाही, हे तर्काने सिद्ध करायचे. हे काम त्यांच्या १९५९ च्या अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पीएचडी प्रबंधाचा विषय ठरले.

ही धास्ती अनाठायी नव्हती. १९८५ ते १९८७ दरम्यान थेराक-२५ या किरणोपचार यंत्राने उत्तर अमेरिकेत सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली, त्यात किमान तीन जणांचा मृत्यू ओढवला. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच मेमरीला हात घालणारी कामे एकमेकांच्या मध्ये येत होती, हे त्यामागचे एक कारण निघाले. पडताळणीत ही चूक सहजी सापडली नाही. ऑपरेटरने माहिती ठरावीक वेगाने बदलली तरच ती उघडी पडत होती.

एका वेळी एकच, हा नियम कसा सिद्ध झाला?

डाइक्स्ट्रांनी प्रश्न अगदी मूळ रूपात मांडला. दोन प्रोग्रॅम आपापल्या गतीने चालतात. दोघांच्याही कामात एक नाजूक भाग आहे. एक जण त्या भागात असताना दुसऱ्याने आत शिरायचे नाही. कोण वेगवान, कोण संथ, हे गृहीत धरायचे नाही. हमी एवढीच, की मेमरीतील एका खान्याचे एक वाचन किंवा एक लेखन अविभाज्य आहे.

१९५९ च्या सुमारास त्यांनी हे कोडे सहकाऱ्यांपुढे ठेवले. अनेक उत्तरे आली आणि चुकीची निघाली. कुठे दोघेही आत शिरत, कुठे दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकत. अखेर थिओडोरस डेकर या गणितीने दोन प्रोग्रॅमसाठी बिनचूक उत्तर दिले आणि डाइक्स्ट्रा यांनी त्याचे श्रेय नेहमी डेकर यांनाच दिले. दोनऐवजी कितीही प्रोग्रॅम असले तरी चालणारे उत्तर स्वतः डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. तो लेख जेमतेम पानभराचा आहे. प्रोग्रॅमांच्या परस्पर समन्वयाचा अभ्यास ही संगणकशास्त्राची स्वतंत्र शाखा झाली, तिची सुरुवात अनेक जण या पानापासून मोजतात.

सेमाफोर म्हणजे काय?

१९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोवनच्या तंत्र महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे एक्स८ या नव्या यंत्रासाठी कार्यप्रणाली लिहायची होती. डेकर यांचे उत्तर बरोबर होते, पण वाट पाहणारा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा खाना तपासत बसे आणि यंत्राचा वेळ वाया जाई. शिवाय ते समजायला किचकट.

डाइक्स्ट्रांनी मग रेल्वेच्या सिग्नलवरून नाव घेतलेली एक नवी सोय मांडली, ती म्हणजे सेमाफोर. हा एक पूर्णांक आहे आणि त्यावर दोनच क्रिया करता येतात. पी ही क्रिया आकडा एकने कमी करते आणि मार्ग मोकळा नसेल तर प्रोग्रॅमला थांबवून ठेवते. व्ही ही क्रिया आकडा एकने वाढवते आणि थांबलेल्यांपैकी एकाला पुढे जाऊ देते. दोन्ही अक्षरे डच शब्दांवरून आली. दोन्ही क्रिया अविभाज्य असल्याच पाहिजेत, ही त्यातील कळीची अट.

सिग्नल असूनही गाड्या समोरासमोर अडकू शकतात, हेही त्यांनी दाखवले. दोघांकडे एकेक वस्तू आहे आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडची हवी आहे, तर दोघेही कायमचे खोळंबतात. १९६५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत पाच संगणक आणि त्यांच्यातील सामाईक टेप यंत्रांचे कोडे घातले. पुढे ते जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या पाच तत्त्ववेत्त्यांचे कोडे म्हणून जगभर शिकवले जाऊ लागले.

या कल्पनांवर आइंडहोवनच्या छोट्या गटाने टीएचई ही कार्यप्रणाली बांधली. थरावर थर, प्रत्येक थर खालच्या थराच्या लिखित हमीवर उभा. १९६८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा चाचण्यांत फक्त किरकोळ चुका निघाल्याची नोंद त्यात होती. त्याच वर्षी प्रोग्रॅममध्ये वाटेल तेथे उडी मारू देणाऱ्या गो टू या सूचनेविरुद्धचे त्यांचे पत्र गाजले. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हाताने लिहिलेल्या टिपणांचे महत्त्व काय?

१९७३ मध्ये डाइक्स्ट्रा बरोज या अमेरिकी संगणक कंपनीचे संशोधक झाले आणि आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावातील घरूनच काम करू लागले. चित्रकार व्हॅन गॉग काही काळ राहिलेले हेच गाव. १९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त झाले.

संगणकशास्त्राच्या या दिग्गजाने आयुष्यातील बराच काळ स्वतःजवळ संगणक ठेवला नाही. फाउंटन पेनने, सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता ते टिपणे लिहीत. त्यांच्या फोटोप्रती निवडक सहकाऱ्यांना पाठवत आणि त्या पुढे हातोहात पसरत. ईडब्ल्यूडी या आद्याक्षरांनी क्रमांकित झालेल्या अशा टिपणांची संख्या १,३०० च्या वर आहे.

त्यांच्या काटेकोरपणाची दुसरी बाजूही होती. त्यांची टीका बोचरी असे आणि उद्योगातील अनेकांना ते व्यवहारापासून दूर वाटत. प्रत्येक प्रोग्रॅम गणितासारखा सिद्ध करण्याचा त्यांचा आग्रह बहुतेक कंपन्यांनी स्वीकारला नाही. मात्र अनेक धागे एका मेमरीवर काम करतात तेथे केवळ चाचणी पुरत नाही, हे म्हणणे उद्योगाला मान्य करावेच लागले.

शेडरच्या सूचनांत हा वारसा कुठे दिसतो?

डाइक्स्ट्रांचे निधन झाले तेव्हा ग्राफिक्स चिपच्या शेडरला मेमरीत हवे तेथे लिहिण्याची मुभाच नव्हती. २००९ च्या डायरेक्टएक्स ११ ने आणि २०११ च्या ओपनजीएल ४.२ ने ती सर्वसाधारण शेडरमध्ये आणली आणि तिच्याबरोबर ५० वर्षांपूर्वीचा प्रश्नही आला. फरक इतकाच, की आता धागे दोन नसून हजारो होते.

त्यामुळे चिप कंपन्यांना प्रत्येक सूचनेचा करार लिहावा लागतो. एएमडीच्या जाहीर पुस्तिकांमध्ये अविभाज्य बेरजेचे वर्णन काही ओळींत असते : जुना आकडा बाजूला ठेवा, खान्यात बेरीज लिहा, मागितला असेल तर जुना आकडा परत द्या. हा जुना आकडा फार उपयोगी ठरतो. रांगेत प्रत्येकाला वेगळा टोकन क्रमांक मिळावा, तसा प्रत्येक धाग्याला वेगळा क्रमांक मिळतो आणि आपला निकाल कोणत्या खान्यात ठेवायचा हे त्याला कळते.

पण करारात आणखी एक गोष्ट असते आणि तेथेच बरेच जण फसतात. अविभाज्य म्हणजे क्रमबद्ध नव्हे. धाग्याने आधी माहिती लिहिली आणि मग तयार असल्याची खूण अविभाज्य क्रियेने केली, तरी दुसऱ्या धाग्याला खूण आधी आणि माहिती नंतर दिसू शकते. क्रम हवा असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. त्यासाठी अडसर घालणाऱ्या किंवा आधीचे मेमरी व्यवहार पूर्ण होईपर्यंत थांबवणाऱ्या सूचना असतात. हे नियम एकत्र लिहिलेल्या दस्तऐवजाला मेमरी मॉडेल म्हणतात. एनव्हीडियाने ते २०१७ मध्ये आपल्या पीटीएक्स या सूचनाभाषेसाठी दिले, तर व्हल्कन या ग्राफिक्स मानकात ते २०१८ मध्ये आले.

गमतीची बाब म्हणजे डेकर यांचे उत्तर आजच्या प्रोसेसरवर जसेच्या तसे चालवले, तर ते चुकू शकते. आधुनिक प्रोसेसर वेगासाठी लेखन थोडे मागे ठेवतात आणि पुढचे वाचन आधी उरकतात. यात डेकर किंवा डाइक्स्ट्रा चुकले नव्हते. आपण मेमरीबद्दल काय गृहीत धरतो आहोत हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले होते. म्हणूनच ते गृहीतक कोठे मोडते आणि तेथे अडसर कोठे घालायचा, हे आज नेमके सांगता येते.

कायमचे खोळंबण्याचा धोकाही संपलेला नाही. अनेक ग्राफिक्स चिपमध्ये ३२ किंवा ६४ धाग्यांचा गट पावलाला पाऊल लावून चालतो. एकाने कुलूप घेतले आणि उरलेले ते सुटण्याची वाट पाहत फिरत राहिले, तर कुलूप घेतलेल्याला पुढचे पाऊल टाकता येत नाही आणि अख्खा गट अडकतो. म्हणून शेडरमध्ये कुलपे टाळून अविभाज्य क्रियांवर भर देण्याचा सल्ला दिला जातो.

अखेरची वर्षे आणि स्मरण...

कर्करोगाचे निदान झाल्यावर डाइक्स्ट्रा २००२ मध्ये न्यूनेनला परतले. ६ ऑगस्ट २००२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, निधनाच्या काही आठवडे आधी, १९७४ मधील एका लेखासाठी त्यांना वितरित संगणनातील प्रभावी संशोधनाचा पुरस्कार मिळाला होता. बिघडलेल्या अवस्थेतून आपोआप सावरणाऱ्या प्रणालींची कल्पना त्या लेखात होती. पुढच्या वर्षापासून या पुरस्काराला त्यांचेच नाव देण्यात आले.

व्हल्कनवर गेम लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरला आजही ग्राफिक्स चिपमधील कामांचा क्रम लावताना सेमाफोर नावाचीच वस्तू तयार करावी लागते. आणि नव्या चिपची पुस्तिका हाती आली, की शेडर लिहिणाऱ्याला प्रत्येक सूचनेपुढे आधी तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात : ही क्रिया अविभाज्य आहे का, तिचा परिणाम कोणाकोणाला दिसेल आणि कधी दिसेल. उत्तर लिहिलेले नसेल, तर ते गृहीत धरायचे नाही. १९५३ मध्ये एआरआरएची पुस्तिका लिहिली गेली, तेव्हाचा करार नेमका हाच होता.